डाव्या खांद्यामागे

"तुझ्या मागं कोण उभंय?"

शनिवारी दुपारी तीन वाजता व्हिडिओ कॉलवर माझ्या मैत्रिणीने हे विचारलं आणि मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीला खिळा, खिळ्याला मामाचा कंपनीचा निळा शर्ट.

"कोणी नाही गं. मामाचा शर्ट आहे."

"शर्टाला डोकं कुठून आलं?"

मी उठून शर्ट काढला, घडी करून कॉटवर ठेवला आणि परत येऊन बसले. मैत्रीण तिच्या स्क्रीनच्या जवळ आली, इतकी की तिचं नाक मोठं दिसायला लागलं. मग ती हळूच म्हणाली, "अजून आहे."

तेव्हा मी कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्वतःकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्या डाव्या खांद्यामागे काहीतरी काळपट होतं. वर गोल, खाली रुंद. कडा धूसर. मी काय लिहितेय ते वाचायला कुणीतरी मान थोडी खाली घालून उभं राहावं, तसं.

हे कॉल आम्ही का करत होतो ते सांगायला हवं. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता माझी ऑनलाइन मुलाखत होती. दुसऱ्या शहरातली संस्था, एम.ए.ची जागा, फी माफ आणि राहायला वसतिगृह. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आई-वडील गावी, पिशोरला असतात, आणि बी.ए.ची तीन वर्षं मी बजाजनगरला मामा-मामीच्या दोन खोल्यांत राहून काढली. ही जागा मिळाली नाही तर शिक्षण थांबवून मी पिशोरला परत जायचं, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मैत्रीण रोज तीन वाजता पॅनेलवरची बाई व्हायची आणि मला इंग्रजीत प्रश्न विचारायची.

मुलाखतीच्या मेलमध्ये सूचना होत्या. मोबाइल चालणार नाही, लॅपटॉपच हवा. चेहरा पूर्ण वेळ स्पष्ट दिसला पाहिजे. खोलीत दुसरी व्यक्ती दिसल्यास मुलाखत रद्द समजली जाईल. ही शेवटची ओळ मी कितीदा तरी वाचली होती आणि तिची मला कधी काळजी वाटली नव्हती. दुपारी आमच्या घरात असतं कोण? मामी आणि मी, आणि आतल्या खोलीत झोपलेला मामा.

मामाला कायमची रात्रपाळी होती. त्याला दिवसा झोप लागावी म्हणून मामी दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांना जाड पुठ्ठे लावायची. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत संध्याकाळ. मी पुढच्या खोलीत एक ट्यूब लावून बसायचे आणि हळू बोलायचे. मामी अनवाणी चालायची. जवळच्या कुठल्यातरी कंपनीतला पत्रा दाबायचा प्रेस सारखा पडत असायचा, धप्प, धप्प, आणि प्रत्येक वेळी जमिनीतून ते पायांना लागायचं. तीन वर्षं मला ह्या सगळ्याची सवय होती. त्या शनिवारपासून सवय मोडली.

कॉल बंद केल्यावर मामीने स्वयंपाकाच्या ओट्याजवळून विचारलं, "काय म्हनत होती ती? कोण उभंय?"

"काही नाही मामी. कॅमेऱ्यात काळं काहीतरी दिसतंय."

"कुठं?"

मी तिला मागची भिंत आणि तो खिळा दाखवला. तिने जाऊन खिळ्याला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "आम्ही हितं राहायला आलो ना, त्याच्या आधी एकटा माणूस राहायचा. कंपनीतलाच. एक दिवस ड्युटीला गेला तो परत आलाच नाय म्हनतेत. सामान तसंच. ह्या खिळ्याला त्याची पिशवी होती."

"मामी, मला कशाला सांगतेस असलं?"

"तू इचारलं म्हनून."

मी विचारलं नव्हतं. पण तसं म्हणाले नाही.

रविवारी मी जागा बदलून पाहिल्या. ओट्याला पाठ करून बसले. ते डाव्या खांद्यामागे होतं. दारात बसले, होतं. भर दुपारी लॅपटॉप ओढणीत गुंडाळून गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत उघडला. तिथल्या उजेडात ते फिकट झालं होतं, पण गेलं नव्हतं. मी मान वळवली तरी ते वळत नव्हतं. शेवटी मी हळूच बाजूला सरकले आणि चौकटीतून बाहेर झाले. स्क्रीनवर आता नुसती टाकी होती, मागचं पांढरं आभाळ होतं, आणि ते. मी नसतानाही ते तिथंच उभं होतं. मी पटकन झाकण मिटलं.

माझा भुताखेतांवर विश्वास आहे असं मी तेव्हाही म्हणाले नसते. उलट पहिल्या वर्षाला असताना मामीने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तेव्हा मीच तिला अंधश्रद्धेवर मोठं व्याख्यान दिलं होतं. वर्गात नुकतंच शिकलेलं सगळं. ती ऐकून घेऊन म्हणाली होती, "बरं बाई, नाय करत तुझ्यासमोर." त्यामुळे मला वाटणारी भीती आता कुणाजवळ बोलायची सोयच राहिली नव्हती.

सोमवारी मैत्रिणीने फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि मी ती करत गेले. लॅपटॉप बंद करून चालू केला. कॅमेऱ्याची परवानगी काढली, परत दिली. दुसऱ्या ॲपमध्ये पाहिलं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, काढून टाकला. त्या वेळी स्क्रीन पूर्ण काळी झाली आणि मला चक्क बरं वाटलं. ड्रायव्हर पुन्हा बसला, कॅमेऱ्याशेजारचा बारीक पांढरा दिवा लागला, आणि मी दिसले, आणि तेही दिसलं. खाली इंग्रजीत ओळ होती की हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे. बिघाड आहे असं लिहिलेलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

लॅपटॉप माझा नव्हता. शेवटच्या वर्षाला कॉलेजने काही जणांना वापरायला दिले होते, त्यातला. देताना सरांनी बजावलं होतं, स्क्रीनला हात लावायचा नाही, काही झालं तर आधी आम्हाला दाखवा. पण सुट्टी लागली होती आणि कॉलेजला कुलूप होतं. मी तर तो लॅपटॉप देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखा वापरायचे. उघडताना दोन बोटांनी, मिटताना दोन बोटांनी. कधी पुसायलाही धजले नव्हते.

मंगळवारी मी तो घेऊन पुंडलिकनगरला मैत्रिणीच्या घरी गेले आणि ती मला त्यांच्या ओळखीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार वयस्कर होते. चहावाला टेबल पुसतो तसं, न बघता, त्यांनी आधी पिवळ्या फडक्याने लॅपटॉप पुढून-मागून पुसला, चालू केला आणि कॅमेरा उघडला.

"लो बेटा. क्या खराबी है?"

आम्ही दोघी वाकून पाहिलं. दुकान, आम्ही, मागचा रस्ता, रस्त्यावरची रिक्षा. सगळं लख्ख. माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीही नव्हतं.

"काका, सकाळपर्यंत होतं," मैत्रीण म्हणाली. "इनके पीछे कोई खडा दिखता था."

"कोई खडा?" ते हसले. "मेरी दुकान में तो आज गिऱ्हाइक बी नहीं खडा." त्यांनी लॅपटॉप इकडून तिकडून फिरवला. "कॅमेरा एकदम फस्क्लास है. घर में किचकिच करता, यहाँ नहीं करता, तो फिर कॅमेरा नहीं, घर दिखाओ किसी को." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून लगेच म्हणाले, "अरे मजाक किया बेटा. जाओ, इंटरव्ह्यू दो बिनधास्त."

घरी परतताना मी आनंदात असायला हवं होतं. पण रिक्षात मांडीवर लॅपटॉप धरून मी एकच विचार करत होते. दुकानात नव्हतं. म्हणजे ते कॅमेऱ्यात नाही.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडलाच नाही. बुधवारी अंघोळ करून आले, केस पुसले, आणि धीर करून कॅमेरा लावला.

ते परत आलं होतं. आधीपेक्षा मोठं होतं आणि जवळ सरकलं होतं. आता खांद्याचा काही भाग त्यात बुडत होता.

तीन वाजता मैत्रिणीने पाहिलं आणि पॅनेलवरची बाई व्हायचं विसरून गेली. "तू उद्यापासून माझ्याकडे राहायला आली असतीस," ती म्हणाली, "पण आम्ही सगळेच जालन्याला लग्नाला चाललोय. शुक्रवारी रात्री येऊ." मग तिने विचारलं, "तू मामांना का सांगत नाहीस?"

का सांगत नव्हते? मामा सकाळी साडेसातला यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल असायचे. तो जेवायचा आणि झोपायचा. शिवाय, खरं लिहायचं तर, मला वाटायचं त्याला लॅपटॉपमधलं काय कळणार. मामा नववीपर्यंत शिकलाय.

मी मामीला मात्र सांगितलं. "मामी, ते परत आलं. आणि मोठं झालंय."

तिच्या हातात लसूण होता. तो तिने खाली ठेवला. "बाईमानसावानी दिसतं का गड्यावानी?"

"कळत नाही."

"तुझ्याकडंच बघतं?"

"हो. म्हणजे तसं वाटतं."

ती उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, काढला आणि आत गेली.

गुरुवारी दुपारी कॅमेऱ्यात मी दिसेनाशी झाले. पांढरा दिवा लागला होता. चित्र बंद नव्हतं. पण सगळ्या चौकटीत तपकिरी अंधार भरला होता आणि खालच्या कोपऱ्यात माझा एक हात तेवढा होता. मी हात हलवला. तो हलला. माझ्या हाताकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं, जणू कुणाच्या तरी पाठीमागून तो मला खुणावत होता.

मी संस्थेला मेल लिहायला घेतला. "तांत्रिक अडचणीमुळे मला दुसरी तारीख मिळू शकेल का." चारदा लिहिला, चारदा पुसला. अडचण कोणती असं त्यांनी विचारलं तर काय लिहू? आणि माझ्यासारख्या किती जणींना त्यांनी तारीख बदलून द्यायची? मेल तसाच राहिला. आतून मामाचं घोरणं येत होतं. प्रेस पडत होता. मी भिंतीला पाठ घट्ट लावून बसले, मागे जागाच राहू नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी मामा आला. पायऱ्यांवर बसून बूट काढत होता. मी चहा दिला आणि तिथंच उभी राहिले.

"आज हाय ना तुझी ती मुलाखत?"

"मामा, कॅमेरा बंद पडलाय." आणि मग मी सगळं सांगितलं. शर्ट, गच्ची, दुकान, काल दिसेनाशी झाले ते. सांगताना रडू आलं ते मला लपवता आलं नाही. साडेसात वाजून गेले होते.

मामाने अर्धा चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "काच पुसली का?"

"कसली काच?"

"कॅमेऱ्याची. आमच्या लाइनीवर पार्ट तपासायला कॅमेरा हाय. चांगला माल रिजेक्ट मारायला लागला की विंजिनेर लोक काम्पुटर उघडून बसतेत. आपण पयलं काच पुसायची. तेलाचा येक थेंब उडाला ना, तर त्याला आख्खा पार्ट तुटलेला दिसतो."

"पण काच स्वच्छ आहे मामा. नुसती काळी आहे."

"काळ्यावरचं काळं दिसतं का कुठं? पूस."

मी लॅपटॉप आणला. स्क्रीनच्या वरची पट्टी काळी, मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी कॅमेऱ्याची काच, तीही काळी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून मी पहिल्यांदा तिथं हात लावला. बोट घसरलं. ओढणी पाहिली तर त्यावर काळा, तेलकट डाग. मी तो नाकाजवळ नेला. एरंडेल आणि कापूर. तो वास मला चांगला ओळखीचा होता. मामीला मूलबाळ नाही, पण गल्लीत कुणाकडे बाळ झालं की काजळ तिच्याकडूनच नेतात.

ओट्याजवळ भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"मामी?"

ती पिठाच्या हातांनीच दारात आली. "मी डोळ्याला नाय लावलं," ती एकदम म्हणाली. "शप्पथ. डोळा तर तिकडं हाय, पांढरा लागतो तो. त्याला सोडून मी शेजारी लावलं, कपाळाला. लेकराला लावतेत तसं."

तिने शेजारच्या दिव्याला डोळा समजलं होतं. आणि त्याला जपायला म्हणून काजळाचा ठिपका बाजूला, नेमका कॅमेऱ्यावर ठेवला होता.

"कधीपासून?"

"गेल्या शुक्रवारी ती समोरची आली नाय का? लई भारी वस्तू आनली म्हनली भाचीनं. तिची नजर लई वाईट." मामीने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुला आवडत नाय म्हनून मग तू अंघोळीला गेली की लावायची."

"रोज?"

"रोज थोडंसं. दुकानातून आनलं त्याच्या दुसऱ्या दिशी जरा जास्त, बाजारची नजर म्हनून. मग बुधवारी तू म्हनली, ते मोठं झालंय, तुझ्याकडंच बघतंय. मी लई भ्याले. मग काल चांगलं दाबून लावलं."

मी आठवडाभराचा हिशोब मनात लावत होते. दुकानदारांनी न बघता मारलेलं फडकं. गच्चीवरच्या उन्हात पातळ होत पसरणारं काजळ. झाकण मिटलं की कॅमेरा टेकतो तिथं, टचपॅडच्या खाली, दोनदा मला काळपट डाग दिसला होता आणि माझ्याच हाताचा समजून मी तो पुसून टाकला होता. मी घाबरून सांगायचे, ती घाबरून आणखी लावायची, आणि मग मला ते आणखी मोठं दिसायचं.

मामा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "कुकरला लाव आता एक. माझ्या मोटारसायकलीला लाव. आठ दिस पोरगी भिंतीला चिकटून बसली आन भूत ओट्यापाशी भाकऱ्या थापतंय!"

"तुम्ही गप बसा. झोपा जाऊन," मामी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पोरी, माझ्यामुळं गेली का गं तुझी मुलाखत?"

"नाही मामी. अजून साडेआठ पण झाले नाहीत."

तिने कापूस आणला. मी तो जरासा ओला करून, पिळून, ती पट्टी पुसली. मग कोरड्या कापसाने. मग मामाने खिशातून एक मऊ फडकं काढून दिलं, कंपनीतलं, आणि म्हणाला, "गोल गोल नको. मधून भाईर." कॅमेरा लावला. मी होते. मागे भिंत होती, रिकामा खिळा होता. चित्रात ट्यूबच्या दिव्याभोवती थोडं धुकट राहिलं, ते मात्र गेलं नाही.

अकराला दहा मिनिटं असताना मामीने गॅस बंद केला, कुकरची शिट्टी नको म्हणून. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि मामाच्या उशाशी जाऊन बसली. तो घोरला की हलवायला. पुढच्या खिडकीचा पुठ्ठा त्या दिवशी मामानेच काढला होता. इतकं ऊन त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाहत होते.

स्क्रीनवर तिघं जण आले. दोन बायका, एक गृहस्थ. त्यांनी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. मग विचारलं, खोलीत आणखी कोणी आहे का?

"नाही," मी म्हणाले. आणि माझी नजर आपोआप कोपऱ्यातल्या माझ्या चौकटीकडे गेली, डाव्या खांद्यामागे. तिथं काही नव्हतं. मला सगळं कळलं होतं, काजळाचा डाग अजून ओढणीवर ओला होता. तरी त्या रिकाम्या जागेवरून माझी नजर हटेना. आठ दिवस मी तिथं कुणालातरी पाहत आले होते. आता ते दिसत नव्हतं, आणि दिसत नसलेल्या गोष्टीला पाठ करून बसणं जास्त अवघड वाटत होतं. पहिला प्रश्न माझ्या कानावरून गेला.

"आवाज येतोय ना तुम्हाला?" मधल्या बाईंनी मराठीत विचारलं.

"हो मॅडम. सॉरी. परत विचाराल का?"

त्यांनी विचारलं. माझ्या गावात मुली कॉलेजला का पोचत नाहीत, असा प्रश्न होता. मैत्रिणीबरोबर पाठ केलेलं इंग्रजी उत्तर आठवलं नाही. मी अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, पिशोरहून येणाऱ्या बसबद्दल बोलले, माझ्या वर्गातल्या मुलींबद्दल बोलले. अडखळत होते. पण बोलताना मी चौकटीकडे पाहणं कधी सोडलं ते मला कळलं नाही. पंचवीस मिनिटांनी त्या बाई म्हणाल्या, धन्यवाद, कळवू. स्क्रीन रिकामी झाली.

मी लॅपटॉप मिटला नाही. तसाच ठेवून मांडीवर हात घेऊन बसले.

आतलं दार थोडं उघडलं. मामी कुजबुजली, "झालं?"

"झालं."

"दिसलीस का त्यांना नीट?"

"दिसले."

ती दारातच उभी राहिली. पुढे आली नाही. "मग नेतेनच आता तुला तिकडं," ती म्हणाली, आणि गॅस पेटवायला गेली.